प्लॉट घेण्याआधी रस्ता वाचा

परभणीत प्लॉट बघायला माणसं बहुधा उन्हाळ्यात जातात. शेत रिकामं असतं, काळी जमीन तडकलेली पण टणक असते, चुन्याच्या रेघा मारलेल्या असतात. चारचाकी थेट प्लॉटवर जाऊन उभी राहते. दलाल बोटाने दाखवतो, 'हा वीस फुटी रोड, हा तुमचा प्लॉट.' इसार होतो, खरेदीखत होतं. मग मृगाचा पाऊस पडतो आणि त्या वीस फुटी रोडवरून विटांचा ट्रॅक्टर तर सोडाच, मोटारसायकलही निघत नाही. एवढंच असतं तर चार ट्रॉल्या मुरूम टाकून भागलं असतं. खरी अडचण वर्षा-दोन वर्षांनी येते. कुणीतरी त्या वाटेवर तार ओढतं आणि म्हणतं, 'ही जमीन माझ्या सातबाऱ्यावर आहे, तुमचा रस्ता कुठाय ते कागदावर दाखवा.' आणि कागदावर तो नसतो.

आजचं व्याख्यान या न सापडणाऱ्या रस्त्याबद्दल आहे. आमचं म्हणणं थोडक्यात असं की प्लॉटची किंमत प्लॉटमध्ये नसते, त्याच्यापर्यंत जाणाऱ्या रस्त्यात असते. तो रस्ता किती रुंद आहे, किती लांब आहे, कुणाच्या नावावर आहे आणि शेवटी कोणत्या सार्वजनिक रस्त्याला मिळतो, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय इसार देऊ नये. नियम नेमके याच चार प्रश्नांसाठी केलेले आहेत.

सुरुवात शब्दांपासून करू, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो. आपण सगळ्यालाच 'रस्ता' म्हणतो, पण कायद्याच्या नजरेत किमान तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे गावनकाशावरचा रस्ता. गावाच्या नकाशात दुहेरी तुटक रेघांनी दाखवलेला असतो तो गाडीमार्ग, आणि एकेरी तुटक रेघेचा असतो तो पायमार्ग. महसूल खात्याच्या वर्गीकरणात गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात, पायमार्गाची सव्वाआठ फूट. एकवीस फूट म्हणजे साधारण ६.४ मीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे शेतीसाठी मिळालेली वाट. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदार दुसऱ्याच्या बांधावरून शेतात जायला वाट देऊ शकतात. असलेली वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली ती मोकळी करता येते. मे २०२५ मध्ये शासनाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटरचा असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात व्हावी, असंही ठरवलं. हे सगळं फार मोलाचं आहे, पण ते शेतकऱ्याने औत-बैल, ट्रॅक्टर घेऊन आपल्या शेतात जावं यासाठी आहे. एका कुटुंबाला शेतात जायला मिळालेल्या वाटेवर तीस घरांची रहदारी टाकायचा हक्क त्यातून येत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे मंजूर लेआउटमधला, म्हणजे सरकारी भाषेत रेखांकनातला अंतर्गत रस्ता. घर बांधायला परवानगी, नळ, नाली, दिवा हे सगळं या तिसऱ्या रस्त्यावर अवलंबून असतं. दलाल दाखवतो तो बहुतेक वेळा पहिला किंवा दुसरा असतो आणि बोलतो मात्र तिसऱ्याची भाषा.

आता हा तिसरा रस्ता मंजूर कोण करतं? परभणी शहराच्या हद्दीत महानगरपालिका. आपली महानगरपालिका २०११ साली झाली, त्याआधी नगरपरिषद होती. गंगाखेड, सेलू, जिंतूर, मानवत, पाथरी, पूर्णा, सोनपेठ इथे त्या त्या नगरपरिषदा. त्यांच्या हद्दीबाहेर, म्हणजे खेड्यांच्या शिवारात, जिल्हाधिकारी, आणि ते नगररचना विभागाचा अभिप्राय घेऊन मंजुरी देतात. ग्रामपंचायत या यादीत नाही. पुष्कळ लोक 'नमुना आठ' हातात धरून सांगतात की प्लॉट ग्रामपंचायतीने मंजूर केलाय. नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे. त्यावरून घरपट्टी भरता येते, रस्ता मिळत नाही.

नियम कोणते? डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडून जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला एकच नियमावली लागू आहे, एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. व्यवहारात सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. पुण्याच्या प्लॉटला आणि परभणीच्या प्लॉटला रस्त्याच्या बाबतीत आता मूळ पुस्तक एकच आहे.

त्या पुस्तकात राहण्याच्या लेआउटसाठी रस्त्याची रुंदी त्याच्या लांबीवरून ठरते. दीडशे मीटरपर्यंत लांब रस्ता असेल तर रुंदी किमान ९ मीटर. दीडशेच्या पुढे तीनशे मीटरपर्यंत १२ मीटर. लांबी मोजायची ती सार्वजनिक रस्त्यापासून सगळ्यात लांबच्या प्लॉटपर्यंत. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला आकडा आता काढा. गाडीमार्ग जास्तीत जास्त ६.४ मीटर, आणि लेआउटचा सगळ्यात छोटा रस्ता ९ मीटर. दलालाचा 'वीस फुटी रोड' म्हणजे जेमतेम ६.१ मीटर. या दोन आकड्यांमधली तीन मीटरची फट, तिच्यातच पुढची सगळी भांडणं वाढतात.

लांबी वाढली की रुंदी का वाढवायची? ओढ्याचं उदाहरण घ्या. वरच्या अंगाला पाणी थोडं असतं, खाली येईल तसं दोन्ही बाजूंनी मिळत जातं आणि पात्र रुंद लागतं. रस्त्याचंही तेच आहे. जितका लांब, तितकी घरं जास्त, आणि त्या सगळ्यांची रहदारी तोंडाशी एकत्र येते. अग्निशमनाची गाडी साधारण अडीच मीटर रुंद असते. ती नुसती आत जाऊन चालत नाही, बाजूला उभ्या गाड्या धरून तिला थांबायचं असतं, माणसांना पाइप घेऊन उतरायचं असतं. ॲम्ब्युलन्सला वळायचं असतं. नऊ मीटर ही चैनीची रुंदी नाही.

रस्ता पुढे बंद असेल, ज्याला आपण 'डेड एंड' म्हणतो, तर आणखी अटी आहेत. असा रस्ता फक्त राहण्याच्या भागात, सरळ रेषेत आणि साधारण दीडशे मीटरपर्यंतच चालतो. फार झालं तर २७५ मीटर, पण मग दीडशे मीटरवर गाडी वळवायला जादा जागा द्यावी लागते. ही वळणाची जागा ८१ चौरस मीटरपेक्षा कमी नको आणि तिची कोणतीही बाजू ९ मीटरपेक्षा कमी नको. अजून एक अट आहे, ती आपल्या सपाट काळ्या रानासाठी फार महत्त्वाची. बंद टोक हे तोंडापेक्षा उंच पातळीवर असलं पाहिजे, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर वाहून जाईल. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हात आकसते, भेगाळते. पाणी बंद टोकाला तुंबलं तर वरचा डांबराचा थर एक-दोन पावसाळ्यांत उखडतो आणि शेवटच्या चार घरांच्या ओट्यांना तडे जातात. नियमावली म्हणूनच रस्ता नुसता सोडून थांबत नाही. तो सपाट करा, खडीकरण करा, नाली काढा, पाण्याची लाइन टाका, दिवे लावा, झाडं लावा, हे लेआउट पाडणाऱ्याचं काम आहे असं ती सांगते. चुन्याच्या दोन रेघा म्हणजे रस्ता नाही.

शेजारच्या जमिनीचंही बघावं लागतं. तुमच्या लेआउटचा रस्ता शेजारच्या लेआउटच्या रस्त्याशी जुळला पाहिजे, असं नियम सांगतो. इथे एक जुनी चलाखी चालते. रस्ता हद्दीपर्यंत येतो असं नकाशात वाटतं, पण शेवटी फूट-दोन फूट पट्टी मालकाच्या नावावर ठेवलेली असते. पुढे मागच्या शेतकऱ्याला रस्ता जोडायचा झाला की त्या पट्टीचा भाव सोन्यासारखा लावायचा. म्हणून नकाशा बघताना रस्त्याची रेघ हद्दीच्या रेघेला टेकते का, हे भिंग लावून बघा.

आता दर्शनी बाजूकडे येऊ. आपण तिला 'फ्रंट' म्हणतो, म्हणजे प्लॉटची रस्त्याला लागलेली बाजू. तिचं महत्त्व वाटण्यांमध्ये चांगलं कळतं. समजा तीन भावांची रस्त्यालगतची जमीन आहे. आडवे तीन भाग केले तर रस्त्याला फक्त पुढचा भाऊ लागतो, मागचे दोघे कोंडले जातात. उभे तीन भाग केले तर तिघांनाही रस्ता मिळतो, पण प्रत्येकाच्या वाट्याला अरुंद लांबट पट्टी येते. कलम ८५ प्रमाणे सरस-निरस पाहून वाटणी होते, सातबारे वेगळे होतात, शेती म्हणून ते ठीकही असतं. पण पुढच्या पिढीत त्या पट्टीचे प्लॉट पाडायचे झाले की नऊ मीटरचा रस्ता काढून उरतं काय? पंधरा मीटर रुंद पट्टीत रस्ता धरला तर सहा मीटर खोलीचे प्लॉट उरतात. त्यात पुढचं-मागचं अंतर सोडून घर कुठं बसवणार? म्हणून आम्ही नेहमी म्हणतो की शहराजवळच्या जमिनीची वाटणी करताना भावाभावांनी आधी मधून सामाईक रस्ता सोडावा, त्याची नोंद करावी, आणि मग तुकडे पाडावेत. त्या दिवशी नऊ मीटर सोडणं जिवावर येतं. पण वीस वर्षांनी तिघांचीही जमीन विकण्याजोगी राहते.

फ्रंट ज्या रस्त्यावर आहे त्याच्या रुंदीवर बांधकामही ठरतं. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या प्लॉटला मूळ चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, १.१० एवढाच मिळतो. शंभर चौरस मीटरच्या प्लॉटवर एकशे दहा चौरस मीटर. पैसे भरून जादा एफएसआय घ्यायची किंवा टीडीआर वापरायची सोय तिथे नाही. म्हणजे अरुंद रस्त्याचा दंड घर बांधतानाच नाही, नातवाने मजला चढवतानाही भरावा लागतो. कोपऱ्याच्या प्लॉटचं आकर्षण सगळ्यांना असतं. पण दोन रस्ते मिळतात तिथला कोपरा वाहनांना वळण्यासाठी गोलाईत कापला जातो, हे त्याच्या क्षेत्रफळात धरलं आहे का, तेही विचारा.

मग लोक नियम का टाळतात? त्याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. हा हिशेब आम्ही नमुन्यादाखल मांडतो. एक एकर जमीन घ्या, चाळीस गुंठे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, जवळपास १०१ चौरस मीटर. म्हणजे एकर झाला ४,०४७ चौरस मीटर. समजा ती जमीन ४० मीटर रुंद आणि १०१ मीटर लांब आहे. मधून ९ मीटरचा रस्ता काढला की सुमारे ९१० चौरस मीटर गेले. लेआउट ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असला की दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, ते ४०५ गेले. उरले सुमारे २,७३० चौरस मीटर, म्हणजे सत्तावीस गुंठे. वळणाची वेगळी जागा धरली तर त्याहून थोडं कमी. आता तेच काम बारा फुटी बोळ काढून, मोकळी जागा न सोडता केलं तर विकायला छत्तीस गुंठे मिळतात. नऊ गुंठ्यांचा फरक. शहराजवळच्या भावाने नऊ गुंठ्यांचे किती होतात, ते आपण मनातल्या मनात करा. ते नऊ गुंठे विकणाऱ्याने वाचवलेले नसतात. ते तुमच्या दारासमोरून काढून तुमच्याच शेजाऱ्याला विकलेले असतात.

शासनाने यावर वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी औषधं दिली. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा गुंठे असं ठरलं. जुलै २०२१ मध्ये नोंदणी विभागाने परिपत्रक काढून रेखांकनाशिवाय एक-दोन गुंठ्यांचे दस्त नोंदवू नका असं सांगितलं होतं, ते उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मे २०२२ मध्ये रद्द केलं. दुसरीकडे २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यात ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं आली. आणि २०२५ मध्ये तुकड्यांचे जुने व्यवहार शुल्क न घेता नियमित करण्याची वाटही काढली गेली. हे सगळं ज्यांचे पैसे अडकलेत त्यांच्यासाठी दिलासा आहे, आणि तो मिळायलाच हवा होता. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. नियमित होतो तो व्यवहार. रस्ता रुंद होत नाही. बारा फुटी बोळातलं घर कायदेशीर झालं तरी बोळ बाराच फुटी राहतो, आणि आता दोन्ही बाजूंनी कायदेशीर भिंती उभ्या राहिल्यामुळे तो कधीच रुंद होणार नाही.

आपल्याकडे म्हणायची पद्धत आहे, 'जगात जर्मनी, भारतात परभणी.' तेव्हा जर्मनीचं उदाहरण देण्याचा हक्क आपल्यालाच आहे. तिथल्या बांधकाम कायद्यात घराच्या परवानगीसाठी एक मूळ अट असते: जागेपर्यंत रस्ता, पाणी, सांडपाणी यांची सोय पक्की झालेली हवी. त्याहून जुनी एक गोष्ट आहे. फ्रँकफर्ट शहराचे महापौर आडिकेस यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा १९०२ साली झाला. वेड्यावाकड्या पट्ट्यांचे मालक असतील तर सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते आखायचे, आणि प्रत्येकाला थोडी कमी पण रस्त्याला लागलेली, नीट आकाराची जमीन परत द्यायची. हीच कल्पना १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात आली आणि आज १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात 'नगररचना परियोजना' म्हणून आहे. १९१५ साली परभणी निजामाच्या राज्यात होती, त्यामुळे तो कायदा तेव्हा इथे आला नाही. पण आज तो आपल्यालाही लागू आहे. वसमत रोड, जिंतूर रोड, गंगाखेड रोड, पाथरी रोड, या अंगांनी शहर वाढतंय. तिथले पाच-दहा शेजारी शेतकरी एकत्र बसले आणि एकच सलग लेआउट केला, तरी या विचाराचा निम्मा फायदा मिळतो. रस्ता सगळ्यांच्या हिश्शातून थोडाथोडा जातो, कुणी एक कोंडला जात नाही.

शेवटी, घेणाऱ्याने काय बघायचं? खरेदीखतातल्या चतुःसीमेवर विसंबू नका. 'पश्चिमेस वीस फुटी रस्ता' असं लिहिल्याने रस्ता जन्माला येत नाही, आणि दुय्यम निबंधक फक्त दस्त नोंदवतात, रस्ता तपासत नाहीत. मंजूर रेखांकनाची शिक्क्याची प्रत मागा. त्यात दोन टप्पे असतात, तात्पुरती मंजुरी आणि भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीनंतरची अंतिम मंजुरी. अंतिम नकाशा आणि त्याच्या क्रमांकाचा अकृषिक आदेश किंवा सनद, दोन्ही बघा. मग नकाशा घेऊन जागेवर जा, टेपने रस्ता मोजा, आणि तो सार्वजनिक रस्त्याला मिळेपर्यंत चालत जा. मधला एखादा तुकडा दुसऱ्याच्या गटातून जात असेल तर तिथेच थांबा. नियोजन क्षेत्रातली जमीन पाचशे चौरस मीटरहून मोठी असेल आणि प्लॉट आठहून जास्त असतील तर महारेराचा नोंदणी क्रमांक विचारा. आणि जमलं तर हे सगळं जुलैत करा, पाऊस पडून गेल्यावर.

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले, ते इथे देतो.

एका ताईंनी विचारलं की प्लॉट आधीच घेतलाय, चारही बाजूंनी दुसऱ्यांचे प्लॉट आहेत, आता काय? नियमावलीत अशा कोंडलेल्या भूखंडासाठी तरतूद आहे. प्राधिकरण शेजारच्या प्लॉटमधून, जवळात जवळच्या रस्त्यापर्यंत वाट द्यायला सांगू शकतं. पण खर्च कोंडलेल्या मालकाचा, आणि शेजाऱ्याने नकार दिला तर पुढे कायदेशीर लढाई. त्याआधी शेजाऱ्याशी बोला, मोबदला ठरवा, आणि ठरलं ते नोंदणीकृत दस्ताने करा. तोंडी वाट ही शेजारी असेपर्यंतच टिकते, त्याच्या मुलाने विकलं की संपली.

दुसरा प्रश्न एका काकांचा होता. लेआउट मंजूर आहे, प्लॉट सगळे विकले गेले, पण रस्त्याचा सातबारा अजून मूळ मालकाच्या नावावर आहे, काळजी करावी का? करावी. मागणी झाल्यावर रस्ते आणि मोकळी जागा विकसित करून प्राधिकरणाच्या ताब्यात दस्ताने द्यावी लागते. ते झालं नसेल तर सगळ्या प्लॉटधारकांनी मिळून अर्ज द्यावा आणि हस्तांतरणाचा पाठपुरावा करावा. मालकाच्या नावावर राहिलेला रस्ता आज सरळ दिसतो, पण त्याच्या वारसांना तो रिकामा प्लॉट दिसायला वेळ लागत नाही. म्हणून हे काम पुढच्या पावसाळ्याची वाट न बघता आधी करून घ्या.